सायकलीची कॉपी करा, पण निदान नीट तरी करा

गेल्या दिवाळीला भाच्याला सायकल घेतली. घेतली म्हणजे पसंत त्याने केली, मी फक्त पैसे दिले. चार इंची जाड टायर, पुढे-मागे डिस्क ब्रेक, पुढे शॉकअप, काळ्या फ्रेमवर नारंगी अक्षरं, आणि ती अक्षरं अशी बेतलेली की रस्त्याच्या पलीकडून बघितलं तर एका नावाजलेल्या परदेशी कंपनीचं नाव वाटावं आणि जवळ गेलात की कळतं, एक अक्षर बदललंय. भाच्याला ते माहीत होतं बरं का. "मामा, ओरिजिनल लाखाची असते, ही सेम दिसते," हे त्याने मला दुकानातच समजावलं. म्हणजे आम्हाला फसवलं असं म्हणायची पण सोय नाही.

तीन महिन्यांत पुढचा ब्रेक करकर करायला लागला म्हणून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे नेली. काकांनी शॉकअप हाताने दाबला, मग अंगातलं सगळं वजन टाकून दाबला, आणि म्हणाले, "हा दबतच नाय. ट्रकची स्प्रिंग टाकलीय का काय." भाचा तीस किलोचा. ब्रेकचं कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून दाबणारा भाग, ज्या पट्टीवर बसवलंय ती पट्टीच वाकडी वेल्ड केलेली, त्यामुळे पॅड डिस्कला कायम घासणार. बरं पॅड बदलू म्हटलं तर त्या आकाराचे पॅड कुठेच मिळेनात, काका तीन दुकानांना फोन करून दमले आणि शेवटी वैतागून म्हणाले, "कॉपी केली त्याचं काय नाय ओ, पण पार्ट तरी दुसऱ्या कशाला बसेल असा ठेवायचा ना!"

ते वाक्य डोक्यात बसलं. कारण ह्या विषयावर मी आजवर जेवढी भांडणं ऐकलीत त्यात एक बाजू म्हणते हे सगळे चोर आहेत, डिझाईन ढापतात, आणि दुसरी बाजू म्हणते लाखाची सायकल कोण घेणार, गरिबाच्या पोराने शायनिंग मारली तर तुमच्या पोटात का दुखतं. काकांचं म्हणणं ह्या दोघांत कुठेच बसत नाही.

स्वस्त सायकलवाले मोठ्या कंपन्यांची डिझाईनं आणि नावाचा थाट उचलतात का? उचलतात की. कुठल्याही सायकलच्या दुकानात दहा मिनिटं उभे राहा, तोच फ्रेमचा बाक, तीच रंगसंगती, नावात तोच तिरपा फॉन्ट. ह्यात शोध लावण्यासारखं काही नाही. पण उचलणं म्हटल्याबरोबर नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या घरातल्या जुन्या सायकली आठवून बघाव्यात.

माझ्या आजोबांकडे रॅले होती, इंग्लंडची, नॉटिंगहॅमची, पुढच्या बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं. वडिलांकडे लुधियानाची. लहानपणी मला दोन्ही एकच वाटायच्या, आणि वाटणारच, कारण काळा रंग, वर बारीक सोनेरी रेघ, अठ्ठावीस इंची चाकं, रॉडचे ब्रेक, सरळ बसून चालवायची मुद्रा, सगळं तेच. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले आणि मद्रासला टीआय सायकल्स ह्या कंपन्या इंग्रजांशी रीतसर भागीदारी करून सायकली बनवत होत्या, हर्क्युलस, फिलिप्स, बीएसए ही सगळी नावं बर्मिंगहॅमकडची, ती तशीच इथे आली. आणि त्याच सुमाराला १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियानाला हिरो सायकल्स सुरू झाली, त्यांनी पण तोच काळा घोडा काढला. तिकडे चीनमध्ये १९५० ला तिएनजिनला फ्लाइंग पिजन निघाली, ती पण रॅलेवरूनच बेतलेली. अख्ख्या आशियाने एका नॉटिंगहॅमच्या सायकलीची नक्कल केली आणि त्यावर दूध पोचवलं, पोस्ट वाटलं, पोरांना डबलसीट शाळेत सोडलं. पुण्यात कर्वेनगरला सायकलींचं म्युझियम आहे, तिथे जुन्या सायकली उभ्या आहेत, डोळे किलकिले करून बघा, बिल्ला झाकला तर कुठली कोणाची ते सांगणं अवघड जाईल.

बरं ती रॅले तरी कुठे आभाळातून पडली होती. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन हा सायकलचा आजचा आकार रूढ केला तो कॉव्हेंट्रीच्या जे. के. स्टार्लीच्या रोव्हरने, १८८५ मध्ये, आणि पुढच्या काही वर्षांत इंग्लंडातला झाडून सगळा कारखानदार तेच बनवायला लागला. हवेचा टायर डनलॉपचा म्हणतो आपण. १८८८ ला त्याने पेटंट घेतलं, नंतर कळलं की रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाने १८४५ मध्येच ती कल्पना पेटंट करून ठेवली होती, आणि डनलॉपचं पेटंट गेलं. गिअरची गोष्ट तर अजून मजेशीर. सनटूर नावाच्या जपानी कंपनीने १९६४ मध्ये मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, तिरका बसवला, त्यामुळे त्याची छोटी चाकी प्रत्येक दातेरी चकतीपासून सारख्या अंतरावर राहते आणि गिअर अलगद पडतो. वीस वर्षं ती युक्ती त्यांची होती. १९८४ ला पेटंट संपलं आणि त्याच वर्षी शिमानोने तीच तिरकी रचना घेऊन वर 'टक टक' असा मोजून पडणारा गिअर जोडला. पुढच्या दहा-बारा वर्षांत ओरिजिनलवाली सनटूर बुडाली आणि शिमानोचं नाव आज सायकल न चालवणाऱ्याला पण माहितीय.

माउंटन बाइकचं पण तेच. कॅलिफोर्नियात टॉम रिची, गॅरी फिशर वगैरे मंडळी डोंगरात उतरायला हाताने फ्रेमा जोडून महागड्या सायकली विकत होती. १९८१ ला स्पेशलाइज्ड कंपनीने त्याच धर्तीची स्टम्पजम्पर जपानमध्ये बनवून घेतली आणि पुष्कळ स्वस्तात विकली, आणि तिथून डोंगरी सायकल सगळ्या जगात गेली. म्हणजे त्या काळची 'बजेट कॉपी'च ती! आणि ह्याच स्पेशलाइज्डने २०१३ मध्ये कॅनडातल्या एका छोट्याशा सायकल दुकानाला नोटीस काढली, का तर दुकानाचं नाव कॅफे रूबे, आणि रूबे हे आमच्या मॉडेलचं नाव आहे. रूबे हे फ्रान्समधलं गाव आहे हो, तिथे १८९६ पासून सायकलची शर्यत संपते, गाव कोणाच्या बापाचं? लोकांनी इतका आरडाओरडा केला की कंपनीला माघार घ्यावी लागली.

एवढं सगळं सांगायचं कारण, सायकल ही वस्तूच एकमेकाच्या वहीत बघून लिहिलेली आहे. 'ही कॉपी आहे' हे वाक्य जवळपास प्रत्येक सायकलबद्दल खरं आहे, त्यामुळे नुसत्या त्या वाक्याने काहीच कळत नाही.

आता काकांच्या वाक्याकडे येतो. वडिलांच्या लुधियाना सायकलीने रॅलेची कॉपी केली तेव्हा काय काय उचललं होतं? दिसणं उचललं ते सोडा, आतलं उचललं. चाकाचं माप, कॉटर पिन, कोन-कप, छर्रे. कुठल्याही गावात चिंचेखाली बसलेला माणूस हातोडी, पाना आणि पंप एवढ्यावर ती खोलून ओव्हरॉलिंग करून द्यायचा, चाकाचा आऊट काढायचा म्हणजे वाकडं चाक सरळ करायचा, आणि एका कंपनीचा पार्ट दुसरीला सर्रास बसायचा. पायडलचा एक्सल फ्रेममध्ये ज्या आट्यांनी बसतो त्या आट्यांचं जगातलं सगळ्यात पसरलेलं माप आजही बीएसए म्हणूनच ओळखलं जातं, एका इंचात चोवीस आटे. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅमची बंदुका बनवणारी कंपनी, चिन्हच मुळी तीन रायफली. त्यांनी ठरवलेलं माप सगळ्यांनी ढापलं आणि त्यामुळे सगळ्यांचं भलं झालं. गंमत म्हणजे खुद्द रॅलेने कितीतरी वर्षं स्वतःचे वेगळे सव्वीस आट्यांचे पार्ट ठेवले होते, म्हणजे दुसऱ्याचा पार्ट बसूच नये. ओरिजिनल अडवून बसलेलं आणि नकलाकार सगळ्यांशी जुळणारा, असा उलटा मामला.

आणि आता? भाच्याची सायकल घ्या. चार इंची टायर कशासाठी असतात माहितीय का? बर्फासाठी आणि वाळूसाठी. अलास्कातल्या बर्फातल्या शर्यती आणि न्यू मेक्सिकोचं वाळवंट इथून ही कल्पना आली, २००५ ला सर्ली कंपनीने पग्जली नावाची सायकल काढली आणि मग फॅट बाइक नावाचा प्रकार दुकानात आला. त्या टायरमध्ये हवा मुद्दाम अगदी कमी ठेवतात, म्हणजे टायर पसरतो आणि बर्फात रुतत नाही. आपल्याकडे तोच आकार लोखंडी फ्रेमवर, डांबरी रस्त्यावर, अठरा-वीस किलो वजनाचा करून सहावी-सातवीतल्या पोरांना विकतात. चढ आला की पोरगं उतरून ढकलतंय. मी आमच्या सोसायटीत बघतो, संध्याकाळी चार फॅट बाइका गेटपासून गेटपर्यंत फिरतात आणि पाच मिनिटांनी चारही पोरं कठड्यावर बसलेली असतात. इथे उचललाय तो फक्त टायरचा घेर. तो घेर ज्या कामासाठी होता ते काम आपल्याकडे नाहीच आणि असतं तरी ही सायकल ते करू शकली नसती.

शॉकअपचं तसंच. दबत नसलेला शॉकअप म्हणजे साध्या चिमट्याला, पुढचं चाक धरणाऱ्या त्या दोन दांड्यांना, एक-दीड किलोचं ओझं. त्यापेक्षा साधा चिमटा कधीही हलका आणि मजबूत. पण साधा चिमटा 'भारी' दिसत नाही. डिस्क ब्रेकचं पण हेच, चांगला डिस्क ब्रेक पावसात खरंच उत्तम, आणि वाकड्या पट्टीवर बसवलेला डिस्क ब्रेक हा साध्या रबरी ब्रेकपेक्षा वाईट, पण दुकानात उभी असताना दोन्ही सारखेच चमकतात.

मग ते 'शिमानो गिअर' चं स्टिकर. हा माझा विशेष रागाचा विषय आहे त्यामुळे थोडं सहन करा. गिअर म्हणजे एक वस्तू नसते, हँडलवरचे शिफ्टर, पुढचा डिरेलर, मागचा डिरेलर, फ्रीव्हील, चेन अशी सगळी वरात असते. स्वस्तातल्या कितीतरी एकवीस गिअरवाल्या सायकलींमध्ये फक्त मागचा डिरेलर शिमानोचा, तोही त्यांच्या सगळ्यात खालच्या टूर्नी मालिकेतला, बाकी सगळी वरात अनोळखी. टूर्नी वाईट नाही, नीट लावली तर वर्षानुवर्षं चालते. पण फ्रेमवर स्टिकर मात्र असं की जणू सगळी सायकलच जपानहून आलीय. ह्याला बनावट म्हणता येत नाही कारण पार्ट खरा आहे, आणि खरं म्हणता येत नाही कारण लोक जे समजून घेतात ते खोटं आहे.

मोटारगाड्यांच्या नावाच्या घडीच्या सायकली आठवतात का? मधे काही वर्षं धुमाकूळ होता, जाड मॅगव्हील, मधोमध घडी, आणि फ्रेमवर जर्मन नाहीतर इंग्लिश गाडीचं नाव आणि लोगो. त्या गाडीच्या कंपनीचा ह्या सायकलीशी संबंध काय असं विचारलं तर दुकानदार म्हणायचा "कंपनीचीच आहे सर." कुठल्या कंपनीची? "कंपनीची." आपण उल्हासनगरच्या मेड इन यूएसए वर हसत मोठे झालेले लोक, उल्हासनगर सिंधी असोसिएशन म्हणून, आणि तरी घेतल्याच ना पब्लिकने.

कायदा काय म्हणतो ते पण थोडक्यात. आपला डिझाईन कायदा २००० चा, नोंदणी केली तर दहा वर्षं आणि वर पाच वर्षं वाढवून मिळतात, पण तो फक्त डोळ्याला दिसणाऱ्या रूपाचं रक्षण करतो, यंत्र कसं चालतं ह्याच्याशी त्याला घेणं नाही, त्यासाठी पेटंट, वीस वर्षांचं. नावाला आणि चिन्हाला ट्रेडमार्कचा कायदा. तिथे कोर्ट बघतं की साध्या गिऱ्हाइकाचा गोंधळ होईल का. सुप्रीम कोर्टात १९६२ मध्ये अमृतधारा विरुद्ध लक्ष्मणधारा असा दोन औषधांच्या नावांचा खटला झाला होता, तिथे मांडलेली कसोटी मला फार आवडते, गिऱ्हाईक म्हणजे साधारण बुद्धीचा आणि अर्धवट आठवणीचा माणूस धरायचा. आपणच की! सायकलींचा पण खटला आहे, अ‍ॅटलसची ईस्टर्न स्टार आणि हिंद सायकल्सची रॉयल स्टार, दिल्ली हायकोर्टाने १९७३ ला ह्या नावांत फसवं साम्य आहे असं धरलं.

पण ह्या कसोटीत एक भोक आहे. कायदा विचारतो, सायकल कोणी बनवली ह्याबद्दल गिऱ्हाइकाचा गोंधळ झाला का? भाच्याचा झाला नव्हता, त्याला पक्कं ठाऊक होतं की ही ती नाही. त्याचा गोंधळ झाला तो सायकल काय करू शकते ह्याबद्दल. जाड टायर म्हणजे दणकट, शॉकअप म्हणजे खड्डे लागणार नाहीत, डिस्क म्हणजे कच्चकन थांबेल. आकारच बोलतो हे सगळं, कुठे लिहावं लागत नाही. आणि आकाराने मारलेल्या थापेची तक्रार करायला नावाची मूळ मालक असलेली मोठी कंपनी थोडीच येणार, तिला तिचं नाव वाचवायचंय, भाच्याचे गुडघे नाही.

युरोपात ब्रॉम्प्टनचा खटला ह्या संदर्भात वाचण्यासारखा आहे. ती घडी होणारी इंग्लिश सायकल, तिचं पेटंट कधीच संपलेलं, एका कोरियन कंपनीने तशीच दिसणारी आणि तशीच तीन घड्या होणारी सायकल काढली. ब्रॉम्प्टन म्हणाली पेटंट गेलं तरी आकारावर आमचा लेखकासारखा कॉपीराइट आहे. २०२० च्या जूनमध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं की आकार कामासाठी आवश्यक असला तरी त्यात बनवणाऱ्याची स्वतःची निवड दिसत असेल तर कॉपीराइट मिळू शकतो. मला हे पटत नाही. तिकडे कॉपीराइट म्हणजे माणूस मेल्यावर पण सत्तर वर्षं. सायकलीच्या घडीला एवढं संरक्षण दिलं तर स्वस्त घडीची सायकल आपल्या नातवंडांना मिळेल. आग्नेय आशियात ब्रॉम्प्टनसारख्या कितीतरी सायकली निघाल्या, आणि त्यांची नुसती घडीच नाही तर आतली मापं पण जुळतात, एकीचा पार्ट दुसरीला बसतो. ही लुधियाना-छाप कॉपी झाली. माझा त्यांना सलाम.

मोठ्या कंपन्यांचा कळवळा मला म्हणूनच फार येत नाही. तैवानच्या जायंटचं उदाहरण बघा, १९७२ ला सुरू झाली, अमेरिकन श्विनसाठी वर्षानुवर्षं सायकली बनवून दिल्या, मग स्वतःच्या नावाने पण विकायला लागली, आणि १९९२ मध्ये श्विन दिवाळखोरीत. कॉपी कोणी कोणाची केली सांगा बरं, बनवणारा हात तर पहिल्यापासून तोच होता! आज पण एकाच कारखान्यातून तीन-चार ब्रँडच्या फ्रेमा निघतात आणि किमतीतला बराचसा फरक अक्षरांचा असतो. लाखाच्या सायकलीत पन्नास हजारांचं स्टिकर असेल तर दहा हजारांच्या सायकलीने स्टिकर ढापलं म्हणून रडायचं कशाला.

हां, एक अपवाद. सरळ सरळ बनावट माल, म्हणजे नाव पण तेच, लोगो पण तोच, पिनारेलो ह्या महागड्या इटालियन कंपनीच्या कार्बन सायकलीची चिनी नक्कल, लोक तिला चायनारेलो म्हणतात. तिथे मी कंपनीच्या बाजूने आहे, कारण कार्बन फ्रेम आतून कशी थरांनी भरलीय ते बाहेरून दिसत नाही आणि ती तुटते तेव्हा वाकून इशारा देत नाही, एकदम जाते, उतारावर चाळीस-पन्नासच्या स्पीडला. तिथे नावावरचा विश्वास हाच सुरक्षेचा भाग असतो.

मग करायचं काय? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे, दहा लाखांपर्यंत. तो आकाराच्या थापेला लागेल असं मला वाटत नाही, पण शिमानोच्या स्टिकरला लावून बघायला काय हरकत आहे. मला मात्र त्याआधी एक साधी गोष्ट हवीय, सायकलीच्या दांडीला एक छापील चिठ्ठी. वजन किती. बनवली कुठल्या कारखान्यात. गिअरचा कुठला भाग कोणाचा. ब्रेकचे पॅड कुठल्या मापाचे. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर वजन आणि पत्ता असतो, दहा हजारांच्या सायकलीवर 'एक्स्ट्रीम' असं लिहिलेलं असतं. फॉन्ट खुशाल ढापा, रंग ढापा, चिठ्ठी तेवढी खरी लावा. मग ज्याला शायनिंगसाठी वीस किलोची घ्यायचीय तो बघून-सवरून घेईल.

भाच्याच्या सायकलीचं सांगायचं राहिलं. काकांनी शॉकअप काढून साधा चिमटा टाकला आणि पुढे रबरी ब्रेक बसवले, सायकल एकदम शहाण्यासारखी चालायला लागली, आणि भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. "आता ती कशासारखीच दिसत नाही," म्हणाला.

मागच्या रविवारी त्याच्या धाकट्या बहिणीसाठी सायकल बघायला गेलो तर बरोबर विमानप्रवासाच्या बॅगा जोखायचा तो हूकवाला वजनकाटा घेऊन गेलो. पहिलीच सायकल सीटखाली अडकवून उचलली, काटा सोळाच्या पुढे गेला. दुकानदार काउंटरवरून बघत होता, मग जवळ आला आणि फार अदबीने म्हणाला, "साहेब, घ्यायचीय का भंगारात द्यायचीय?"